आंबा घाटात ब्रेक गेले, त्यानंतर सापडलेलं गॅरेज

आधी गॅरेजबद्दल सांगतो. रत्नागिरीत आहे, शहराबाहेर, मोठा रस्ता सोडून आत वळलं की पाच मिनिटांवर. जांभ्याची अर्धी भिंत, वर पत्रा, समोर फणस, पाटी वगैरे काही नाही. मालक स्वतःच मिस्त्री, साठीला आलेले, हाताखाली एक मुलगा. नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय, कारण शेडमध्ये एका वेळी दोनच गाड्या मावतात आणि घाईघाईत काम करायची त्यांची तयारी नाही. पण रत्नागिरीत कुठल्याही टेम्पोवाल्याला ब्रेकचं काम करणारे काका कुठे बसतात ते विचारा, पत्ता मिळेल.

आता माझं काय झालं ते. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आम्ही मिऱ्याला राहतो, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात उधाण असलं की बंधाऱ्यावरून पाणी उडतं ते पार आमच्या गल्लीपर्यंत येतं, आणि गाडी बारा महिने उघड्यावर. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं तिथेच येऊन पोचतं.

मे महिन्यात कोल्हापूरला मावशीकडे गेलो होतो, बायको, मुलगी आणि आई बरोबर. परत येताना मलकापूर सोडलं, आंबा गाव गेलं आणि घाट उतरायला लागलो तर पुढे सिमेंटचा ट्रक. ओव्हरटेक करायला जागा नाही, मग त्याच्या मागे मागे, तिसऱ्या गिअरवर, पाय जवळजवळ सगळा वेळ ब्रेकवर. चूक माझीच होती, दुसऱ्यावर उतरायला हवं होतं. घाट संपत आला होता, चार-पाच वळणं राहिली असतील, आणि पेडल एकदम मऊ लागलं. भिजलेल्या गोणपाटावर पाय ठेवावा तसं. नेहमी अर्ध्यावर धरणारं पेडल पार खाली गेलं आणि गाडी थोडीशीच हळू झाली, तेवढीच. पोटात गोळा आला. दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, पेडल भराभर तीन-चार वेळा मारलं तेव्हा जरा वर आलं, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढला, आणि डोंगराच्या बाजूला एका रुंद जागेत गाडी कशीबशी थांबली. मुलीला कळलंही नाही. आईने मात्र विचारलंन, "अरे काय जळतंय काय रे? कसला वास हा?"

वास पुढच्या डाव्या चाकाचा होता. जवळ हात नेला तर लांबूनच धग लागत होती, उजवं चाकही गरम पण त्याच्या निम्मंही नाही. चाकापुढे दगड लावले आणि अर्धा-पाऊण तास थांबलो. नंतर पेडल दाबून बघितलं तर एकदम नॉर्मल! जसं काही झालंच नाही. खरं तर गाडी तिथेच ठेवायला हवी होती, पण अंधार पडायला आलेला, आई बरोबर, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर साखरप्यापर्यंत उतरलो, तिथे चहा घेतला, आणि मग नाणीज, पाली, हातखंबा असं तीसच्या स्पीडने घरी. असं कोणी करू नका.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या ठिकाणी गाडी नेली. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची लेव्हल बघितली, एक चक्कर मारून आले, पेडल चांगलं लागतंय म्हणाले, आणि तरी सांगितलं की मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेलाय, बूस्टरही (पायाचा जोर वाढवणारा भाग) बदलून टाका, १४,५०० रुपये, पार्ट यायला चार दिवस. एकही चाक खोललं नव्हतं. मी विचारलं, डावं चाक एवढं गरम का झालं मग, तर म्हणे घाटात होतंच. हे उत्तर मला पटलं नाही. घरी आल्यावर आतेभावाला फोन केला, तो आंब्याच्या सीझनला टेम्पो घेऊन घाट चढत-उतरत असतो, त्याने ऐकून घेतलंन आणि म्हणाला, आधी काकांना दाखव, पैसे मग कुठे घालायचे ते बघू.

काकांकडे गेलो तर त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही आधी. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "काय झाला ता सुरुवातीपासून सांगा." मी सांगितलं. मग प्रश्न. पेडल खाली गेला तेव्हा कडक होता की मऊ? पंप मारल्यावर वर आला? गाडी एका बाजूला ओढत होती? ऑइल कमी झालंय का? थंड झाल्यावर पेडल परत आला? याच्यावर मी हो म्हटलं तर मान हलवली. "मास्टर गेला असता तर तो थंड-गरम बघत बसला नसता. तरी बघू, नुसत्या ऐकण्यावर काम करायचा नाय."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी नीट लिहितोय, कारण यातलं अर्धं तर आपण घरच्या अंगणातही करून बघू शकतो. गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायला लावलं, कडक झाल्यावर पाय तसाच दाबून ठेवायला सांगितला आणि मग स्टार्टर मारायला सांगितला. इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं. म्हणजे बूस्टर चांगला. मग इंजिन चालू ठेवून पेडल दाबून एक मिनिट धरायचं, ते हळूहळू खाली सरकतंय का बघायचं. एकदा जोरात दाबून धरायला लावलं आणि एकदा अगदी हलक्या पायाने. मी विचारलं हलक्याने कशाला, तर म्हणाले जोरात दाबलं की आतलं रबर पसरून भिंतीला चिकटतं आणि खराब मास्टरसुद्धा पास होऊन जातो, हलक्या दाबाला तो पकडला जातो. दोन्ही वेळा पेडल जागचं हललं नाही. मास्टर चांगला. माझे १४,५०० तिथेच वाचले, तेही दहा मिनिटांत आणि एकही पाना न लावता.

मग मला शेजारी बसवून गाडी तीन-चार किलोमीटर फिरवून आणली, ब्रेक शक्यतो न लावता, गिअरवरच हळू करत. परत येऊन पोराला सांगितलं, चारी चाकांवर पाण्याचे थेंब मार. तिघांवर काही नाही, पुढच्या डाव्या डिस्कवर पडताच चर्र झालं. ब्रेक न लावता चाक तापतंय म्हणजे पॅड (ब्रेक लावला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरते ती गादी) डिस्कला घासत राहिलंय. जॅक लावून चाकं फिरवली. उजवं फिरलं, डावं दोन हातांनीही जेमतेम.

इथे मला त्यांचं डोकं खरं दिसलं. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) ब्लीडिंग निप्पलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या तोंडाला, पाना लावला आणि म्हणाले, आता हा सैल करतो. प्रेशर आत अडकलं असेल, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज पाईप आतून फुगून बंद झाला असेल किंवा वरून तेल परत जात नसेल, तर निप्पल उघडताच तेल पिचकारीसारखं उडेल आणि चाक मोकळं होईल. नाय झाला तर कॅलिपर स्वतः जाम आहे. निप्पल उघडला, तेल नुसतं ओघळलं, चाक तसंच घट्ट. एका निप्पलच्या अर्ध्या आट्यात होज की कॅलिपर याचा निकाल लागला.

कॅलिपर खोलला तर खालची पिन हाताने निघेना, हातोडी मारून मारून काढावी लागली. कॅलिपर या दोन पिनांवर आत-बाहेर सरकायला पाहिजे, तेव्हा कुठे दोन्ही पॅड सारखे दाबतात आणि सारखे सोडतात. पिन जाम म्हणजे कॅलिपर एका जागी अडकला. आतल्या बाजूचं पॅड झिजून दोन एमएम उरलं होतं, बाहेरचं सहा. एकाच चाकाची दोन पॅड शेजारी शेजारी बोटांत धरून मला दाखवली, एक पापडासारखं आणि एक खाकऱ्याची चळत असावी तसं जाड. पिनेवरचं रबर फुगून बुळबुळीत झालेलं, भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं, आणि त्याच्यावर लालसर ग्रीस. काकांनी ते बोटावर घेऊन वास घेतला. बेअरिंगचं साधं ग्रीस, म्हणाले, कोणी लावलं? आता वर्षापूर्वी पॅड बदलली तेव्हा कोणी लावलं ते मला माहीत आहे, पण असो. ब्रेकमधल्या रबराला पेट्रोलियमचं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं, फुगलं की पिन धरतं, त्यात खाऱ्या हवेने गंज चढला आणि झालं. ब्रेकसाठी वेगळं ग्रीस येतं, छोटी पुडी असते, पन्नास-साठ रुपयांची.

पण नुसतं चाक तापल्याने पेडल तळाला का जाईल? हा माझा प्रश्न होता. त्यांनी काही न बोलता पेनासारखं एक यंत्र काढून ऑइलच्या डब्यात बुडवलं. लाल लाइट पेटला. ऑइलमध्ये पाणी चार टक्क्यांच्या घरात. पाणी गेलं कसं, झाकण तर घट्ट होतं? तर ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढूनच घेतं, होजच्या रबरातून, झाकणाच्या फटीतून, वर्षानुवर्षं. काकांनी सांगितलं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाणी सुटून ओलं होतं, तसाच हा पण, फक्त दिसत नाय. आणि आपल्याकडे तर हवाच पाण्याची. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवीन ऑइल कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, तेच पाणी धरलेलं असलं की १४० वर येतं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. माझ्या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं? कधीच नाही! २०१५ पासून लेव्हल बघत होतो आणि खूश होतो.

मग सगळी साखळी जुळली. डावं पॅड आधीपासूनच घासत होतं, घाटात माझा पाय सतत ब्रेकवर, डिस्क लाल व्हायची बाकी, कॅलिपरमधलं पाणी धरलेलं ऑइल उकळलं, वाफ झाली. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय खाली. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी, पेडल परत वर, आणि दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर चक्कर मारणाऱ्याला सगळं ठीक दिसणारच. पूर्ण ब्रेक का गेले नाहीत तेही त्यांनी समजावलं, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्या लाइनवर, असं तिरकं वाटलेलं असतं. एक लाइन गेली तरी दुसरी धरते. त्या दुसऱ्या लाइनवर आम्ही चौघं थांबलो. हे ऐकल्यावर मी थोडा वेळ फणसाखाली जाऊन उभा राहिलो.

मागचे ड्रम काढायला त्यांना तास लागला, गंजून कड आलेली, चारी बाजूंनी ठोकत ठोकत काढले. शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या वाकड्या पट्ट्या, ज्यांच्यावर घासणारं लायनर असतं) ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर गंजून गच्च, त्यामुळे मागचे लायनर ड्रमपासून लांब आणि सगळा भार पुढच्यांवर. हँडब्रेक नऊ-दहा टिक वर यायचा त्याचं कारण हेच, मला वाटायचं केबल जुनी झाली. आणि उजव्या व्हील सिलेंडरचं (शू ड्रमवर ढकलणारा छोटा सिलेंडर) रबर नखाने उचललं तर आतून ओलं, पाझरायला सुरुवात झालेली. एक बदलायचा तर दोन्ही बदला, हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं.

प्रत्येक गोष्ट बदलायच्या आधी मला दाखवली. पुढच्या डिस्क मी म्हटलं बदलूनच टाका, तर व्हर्नियर लावून मोजून दाखवली, १८.६ एमएम भरली, आणि डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी १८. "अजून चालेल. पुढच्या वेळी पॅड बदलताना मात्र डिस्क बदलायची, तेव्हा नको म्हणू नका."

नवीन ऑइल भरताना लाइनमधली एअर, म्हणजे हवा, काढायला संध्याकाळी मला पेडलवर बसवलं, कारण पोरगा क्लासला गेलेला. त्याआधी पेडलच्या खाली लाकडाचा एक तुकडा ठेवला, पाय पार तळापर्यंत जाऊ नये म्हणून. जुन्या मास्टरच्या तळाच्या भागात गंज धरलेला असतो, रोजच्या वापरात रबर तिथपर्यंत जातच नाही, एअर काढताना जोशात दाबलं की रबर त्या गंजावरून घासतं आणि चांगला मास्टर दुसऱ्या दिवशी गळायला लागतो. इतक्या वर्षांत कोणाच्या गॅरेजमध्ये हे बघितलं नव्हतं. मग बाहेरून आवाज, दाबा… धरा… सोडा… दाबा… धरा… आणि प्रत्येक "धरा"ला पारदर्शक नळीतून बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल. शेवटी शेवटी ते फिकट होत गेलं, नवीन गोडेतेलासारखं दिसायला लागलं तेव्हा निप्पल बंद. एक थेंब मडगार्डवर सांडला तो लगेच पाण्याने धुतला, रंग खातो म्हणून. ऑइल डॉट ४ घातलं, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून, उरलेलं मला घरी न्यायला दिलं नाही, उघडलेला डबा ठेवून उपयोग नाही म्हणाले.

बिल असं झालं, पुढची पॅड १,६५०, कॅलिपरचे सील आणि पिनांचं किट ७००, दोन व्हील सिलेंडर ९८०, ऑइल ४८०, मजुरी १,८००. एकूण ५,६१०. जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले.

आता जे पटलं नाही ते. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच, जावंच लागतं. संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी, निरोप काही नाही. बसायला ते एक स्टूल. बिल वहीच्या पानावर, छापील पाहिजे असेल तर कठीण आहे, कंपनीच्या गाड्यांना ते चालणार नाही. आणि एक गोष्ट मला खरंच खटकली, ड्रममधली धूळ पोराने कॉम्प्रेसरची हवा मारून उडवलीन, नाकाला रुमालसुद्धा नव्हता. लायनरची बारीक धूळ ती, रोज छातीत जाणार. मी बोललो, आधी ओलं करून पुसा म्हटलं. काकांनी ऐकून घेतलं. नंतर आतेभावाच्या टेम्पोच्या वेळी गेलो तेव्हा पाण्याची स्प्रेची बाटली शेडमध्ये होती आणि पोराच्या तोंडावर मास्क, म्हणून हे लिहिताना बरं वाटतंय.

गाडी देताना सांगितलेल्या गोष्टी. नवीन पॅड बसेपर्यंत पन्नासच्या स्पीडवरून दहापर्यंत हळू ब्रेक लावत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये थोडं चालू द्यायचं, असं दहा-बारा वेळा. मी ते पहाटे शिरगाव ते आरे-वारे रिकाम्या रस्त्यावर केलं. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी चाकांच्या आतून गोड्या पाण्याचा पाईप मारत जा. पिना वर्षातून एकदा काढून साफ, पावसाळा संपला की. ऑइल दोन वर्षांनी, लेव्हल कितीही चांगली दिसली तरी.

जुलैमध्ये परत कोल्हापूरला जावं लागलं, मावशीचं ऑपरेशन होतं. उतरताना आंब्याच्या वरपासून दाट धुकं, पाऊस, पुढे परत ट्रक. पहिल्या वळणापासून दुसऱ्या गिअरवर, ब्रेक लावायचा तो थोडा जोरात आणि लगेच सोडायचा. त्या रुंद जागेपाशी मुद्दाम थांबलो, उतरून चारी चाकांजवळ हात धरला. पुढची दोन्ही सारखीच गरम. आई मागून म्हणाली, "भिजू नको, ये आत."

माझ्याकडून काकांना पाचातले साडेचार, अर्धा त्या फोनचा कापला. जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, गाडी थंड असताना. आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, मुंबईहून येणाऱ्यांच्या गाड्या तेव्हा फणसाखालीही मावत नाहीत.